पाव तासाची मुभा

स्वातंत्र्य मिळून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, १९४९ साली, मुंबईच्या मरीन लाइन्स भागात हबीब हुसेन यांनी बांधविलेले एक चित्रगृह मेहबूब खान यांच्या 'अंदाज'ने सुरू झाले, आणि त्या काळच्या आशेला अनुरूप असे 'लिबर्टी' हे नाव त्याने धारण केले. लाकडी नक्षीने मढविलेला अंतर्भाग, पडद्याच्या दोन्ही अंगांना कारंज्यांच्या आकारात वर चढत गेलेले अलंकरण आणि माणसाला आपोआप सावकाश चालावयास लावणारे जिने असे ज्याचे वैभव, ते हे एकपडदा चित्रगृह अलीकडच्या पिढ्यांना मुख्यत्वे 'हम आपके हैं कौन'साठी ठाऊक आहे. कारण साखरपुडे, विवाह, डोहाळजेवणे आणि असंख्य नातेवाईक यांनी भरलेला तो चित्रपट येथे शंभराहून अधिक आठवडे चालला. त्याच पडद्यावर २०१४ च्या मे महिन्यात समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी जीवनावरील चित्रपटांचा 'कशिश' हा महोत्सव आला, आणि ज्या प्रेमाला विवाह नाही, व्याही नाहीत, रुखवत नाही, अशा प्रेमाच्या दहा, बारा, पंधरा मिनिटांच्या कथा एकामागून एक तेथे उमटू लागल्या. त्या लघुपटांनी मला जे दिले ते मोठ्या चित्रपटांनी आयुष्यभर दिले नव्हते, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे थोड्या विस्ताराने मांडावीत अशी इच्छा आहे.

त्या सालाचे महत्त्व आज सहज विसरले जाते. 'कशिश' २०१० मध्ये श्रीधर रंगायन यांच्या पुढाकाराने सुरू झाला, तो दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी दिलेल्या निकालाच्या पाठोपाठ. प्रौढ व्यक्तींनी परस्परसंमतीने खाजगीत ठेवलेल्या संबंधांना भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम लावता येणार नाही, असे त्या न्यायालयाने ठरविले होते, आणि १८६२ पासून अंमलात असलेल्या त्या कलमाची धार प्रथमच बोथट झाली होती. परंतु ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरविला. म्हणजे २०१४ च्या उन्हाळ्यात लिबर्टीच्या पायऱ्यांवर जी तरुण मुलेमुली हसत-खिदळत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी होती, ती कायद्याच्या दृष्टीने अवघ्या पाच महिन्यांपूर्वी पुन्हा गुन्हेगारांच्या रांगेत नेऊन बसविलेली होती. अशा वेळी मागे सरणे, एखाद्या आडवाटेच्या सभागृहात दरवाजे लोटून खेळ करणे, हे समजण्यासारखे झाले असते. त्याऐवजी शहरातील एका मोठ्या आणि मानाच्या चित्रगृहाच्या दर्शनी भागावर महोत्सवाचे नाव झळकले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने प्रौढांच्या संमत संबंधांपुरते ते कलम रद्द केले, त्या दिवसाचे श्रेय अर्थातच न्यायालयात वर्षानुवर्षे झगडणाऱ्यांचे आहे. पण समाजाच्या डोळ्यांना सवय लावण्याचे जे काम न्यायालयाबाहेर चालले होते, त्यात या पायऱ्यांचाही वाटा आहे, असे मी मानतो.

या खेळांना सरकारी परवानगी कशी मिळते, हेही जाणून घेण्याजोगे आहे. १९५२ च्या चित्रपटविषयक अधिनियमाच्या नवव्या कलमाने केंद्र सरकारला प्रमाणपत्राच्या अटीतून सूट देण्याचा अधिकार आहे, आणि महोत्सवांतील चित्रपट बहुधा या सवलतीखाली, नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरते, दाखविले जातात. आयोजकांनी माहिती व नभोवाणी मंत्रालयाकडे अर्ज करावयाचा, चित्रपटांची यादी आणि त्यांचे सारांश जोडावयाचे, आणि दफ्तरातून मंजुरीचा कागद येण्याची वाट पाहावयाची. म्हणजे २०१४ ते २०१८ या काळात एकाच सरकारच्या दोन दस्तऐवजांखाली हा महोत्सव भरत होता: एका दस्तऐवजाने या प्रेमाला कारावासाची धमकी दिलेली, आणि दुसऱ्याने त्याच प्रेमाचे चित्र पाहण्याची सनद दिलेली. गळ्यात प्रतिनिधीचा बिल्ला अडकवून आत शिरताना हा विरोध मनाला स्पर्श केल्यावाचून राहत नसे. त्या बिल्ल्यावर आपले नाव छापलेले असते, आणि पुष्कळांना ते छापले जाण्याचेच भय वाटत असे.

या आधीचा इतिहास अर्थात अधिक कठोर आहे. १९९६ मध्ये रियाद विन्ची वाडिया यांनी, आर. राज राव यांच्या इंग्रजी कवितांच्या आधाराने, जंगू सेठना यांच्यासह 'बॉमगे' हा सुमारे बारा मिनिटांचा लघुपट केला. हा भारतातील पहिला समलिंगी विषयावरचा चित्रपट मानला जातो. 'हंटरवाली'च्या वाडिया मूव्हीटोनचा वारसा ज्याच्या घरात, त्या तरुणाने असे धाडस करावे याचे मला नेहमी विशेष वाटत आले आहे. आजोबांच्या पडद्यावर चाबूक घेऊन अन्यायावर धावून जाणारी नाडिया आणि नातवाच्या पडद्यावर आपले शरीर न लपविणारे मुंबईतील पुरुष, यांत निर्भयतेचे एकच घराणे दिसते. सार्वजनिक चित्रगृहांत तो चित्रपट लागला नाही. मित्रमंडळींच्या आणि महोत्सवांच्या वर्तुळांतून तो फिरत राहिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर १९९८ मध्ये, दीपा मेहता यांच्या 'फायर'वरून मुंबईच्या चित्रगृहांत तोडफोड झाली. २००३ मध्ये स्वतः रंगायन यांच्या 'गुलाबी आईना' या लहान चित्रपटास सेन्सॉर मंडळाने प्रमाणपत्र नाकारले. पूर्ण लांबीचा चित्रपट काढावा तर भांडवल हवे, वितरक हवा, प्रमाणपत्र हवे, आणि काचा फुटल्या तर त्या सोसणारा चित्रगृहाचा मालक हवा. लघुपटास यांपैकी फारसे काही लागत नाही. उसना कॅमेरा, चार मित्र, एखाद्याची भाड्याची खोली आणि दोन दिवसांची रजा एवढ्यावर तो उभा राहतो. म्हणून हे प्रेम आपल्याकडे लघुपटाच्या आश्रयाला गेले, हे सरळ कारण झाले.

परंतु वर्षानुवर्षे हे लघुपट पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे की, यापलीकडेही एक कारण आहे आणि ते या प्रेमाच्या स्वरूपातच दडलेले आहे. मी त्या सभागृहात पाहुणा म्हणून बसत नाही. ज्या काळी महाराष्ट्रात या गोष्टीला नाव नव्हते, आणि असलेच तर ते शिवीच्या स्वरूपात होते, त्या काळात माझे तारुण्य गेले. आणि तेव्हाच्या माझ्यासारख्या पुरुषाचे प्रेमजीवन म्हणजे काय होते, असे कोणी विचारले, तर मला दीर्घ कथानक सांगता येत नाही. आठवतात ते तुकडे. गर्दीच्या लोकलमध्ये चर्चगेटपासून दादरपर्यंत खांद्याला टेकलेला एक खांदा. वाचनालयात एकाच वर्तमानपत्राची दोन पाने धरून बसलेले दोघे. गावाकडच्या लग्नघरी दाटीवाटीने अंथरलेल्या सतरंजीवर एका रात्रीपुरती लाभलेली शेजारची जागा. या तुकड्यांना पूर्वपीठिका नाही, उत्तरकांड नाही. ज्या प्रेमाला घर मिळत नाही, त्याला मुदत मिळते. आणि ती मुदत बहुधा पाव तासाची असते. तीन तासांचा हिंदी चित्रपट ज्या गोष्टींवर उभा असतो, म्हणजे घराण्यांचा विरोध, वरात, सासर, पाळणा, त्यांतील एकही गोष्ट आमच्या वाट्याला नव्हती. तेव्हा लघुपट हा आमच्या कथांचा संक्षेप आहे असे मला वाटत नाही. आमच्या कथांची ती स्वाभाविक लांबीच होती.

याचा पुरावा मला मराठी चित्रपटातच सापडतो. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'त, १९८२ साली, महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या परस्परप्रेमाचा प्रसंग आहे. तो थोड्या मिनिटांचा आहे, संस्थेत त्याने खळबळ माजते, आणि मुख्य कथा पुढे निघून जाते. त्या दोघींचे पुढे काय झाले असेल, हा प्रश्न मी चित्रगृहातून बाहेर पडताना मनात घेऊन आलो होतो, आणि तो अजून मनात आहे. मोठ्या चित्रपटाच्या पोटात तो एक लघुपटच होता. त्याच्या आदल्या वर्षी रंगभूमीवर तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' आले होते. रोहिणी हट्टंगडी यांनी उभी केलेली ती मित्रा ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरता आली नसावी. पुढे रवी जाधव यांनी तेंडुलकरांच्याच कथेवरून 'मित्रा' हा कृष्णधवल लघुपट केला आणि त्याला २०१४ चा सर्वोत्कृष्ट लघुकथापटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या विषयाला नाट्यगृहात एके काळी अवघडलेली शांतता मिळत असे, त्याला सरकारी सुवर्णकमळ-रजतकमळांच्या समारंभात स्थान मिळावे, यात तेहतीस वर्षांचा प्रवास आहे.

आता ज्या लघुपटांमुळे हा विचार माझ्या मनात पक्का झाला त्यांच्याकडे वळतो. अरुण फुलारा यांचा 'संडे' हा मराठी लघुपट मला या सर्वांत जवळचा आहे. कांबळे नावाचा एक मध्यमवयीन, एकाकी गृहस्थ दर रविवारी वस्तीतल्या केशकर्तनालयात जातो, कारण तेथे जान नावाचा तरुण कारागीर आहे. एवढीच त्याची कथा. परंतु विचार करा की, पुरुषाने पुरुषाच्या गालाला, मानेला, केसांना सर्वांसमक्ष, दिवसाढवळ्या, कोणाच्याही भुवया न उंचावता हात लावावा, अशी जागा आपल्या समाजात दुसरी कोणती आहे? श्रीकांत यादव यांच्या कांबळेच्या चेहऱ्यावर खुर्चीत बसताना जे येते, ते अभिलाषा आणि कृतज्ञता यांचे इतके सूक्ष्म मिश्रण आहे की, त्यातील एक दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही. त्याने काही मागितलेले नाही. तो पैसे मोजतो, त्या मोबदल्यात त्याला दाढी मिळते, आणि दाढीच्या ओघात जे मिळते त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. त्याच्या आठवड्याचे सहा दिवस कसे जात असतील, हे दिग्दर्शक सांगत नाही. पण त्या खुर्चीवरून उठताना त्याला जो जडपणा येतो, त्यातून ते सहाही दिवस कळतात.

रोहिन रवींद्रन नायर यांच्या 'द बूथ'मध्ये अशीच एक जागा सापडते, आणि ती अधिक धाडसी आहे. मॉलच्या दाराशी स्त्रियांची अंगझडती घेण्यासाठी पडदा लावलेला जो आडोसा असतो, तेथे काम करणारी पहारेकरीण अमृता सुभाष यांनी रंगविली आहे. तेथे वारंवार येणारी तरुण मुलगी पर्ण पेठे यांनी. सुरक्षिततेच्या बंदोबस्तासाठी उभारलेला तो चार हातांचा कोपरा या दोघींचे एकांतस्थान बनतो. झडती घेणारे हात काही पळांपुरते झडती घेण्याचे विसरतात, आणि बाहेर रांग वाढत असते. दहशतवादाच्या भयाने आपल्या शहरांनी जो पडदा टांगला, त्याच्या आडोशाला दोन स्त्रियांनी आपले प्रेम मांडावे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला या शहराची नाडी बरोबर सापडली आहे. फराज आरिफ अन्सारी यांच्या 'सिसक'मध्ये ही जागा मुंबईची रात्रीची लोकल आहे. दोन पुरुष, रिकामा होत जाणारा डबा, आणि संपूर्ण लघुपटात एकही संवाद नाही. संवादाची उणीव कोठेही भासत नाही, कारण ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांना ठाऊक आहे की, अशा वेळी बोलणे शक्यच नसते.

हे मुंबईपुरतेच खरे नाही. फ्रेंच लेखक झां झने यांनी १९५० मध्ये आयुष्यातील आपला एकमेव चित्रपट केला, 'अं शां दामूर'. तो मूक आहे आणि अर्ध्या तासाहूनही कमी लांबीचा आहे. तुरुंगाच्या शेजारशेजारच्या दोन कोठड्यांत दोन कैदी; मधल्या भिंतीला एक बारीक छिद्र; त्या छिद्रातून गवताची एक काडी सरकते, आणि एकाने ओढलेला सिगारेटचा धूर दुसऱ्याच्या ओठांत जातो. दाराच्या फटीतून पहारेकरी हे पाहत असतो. स्पर्शाच्या इतक्या जवळ जाऊनही स्पर्शाला मज्जाव असलेले असे दुसरे दृश्य चित्रपटकलेत मला माहीत नाही. त्या भिंतीचे छिद्र, मॉलचा पडदा आणि न्हाव्याची खुर्ची ही एकाच मुलुखातील ठिकाणे आहेत. पहारा जेथे असतो तेथेच, पहाऱ्याच्या हद्दीत, या प्रेमाने आपली वेळ साधली आहे.

सर्वच लघुपट या तोडीचे असतात असे मात्र नाही, आणि प्रेमापोटी आपण टीका सोडावी हे मला मान्य नाही. दीड-दोन तासांच्या एका संचात आठ-दहा लघुपट पाहिले की, काही खोडी लगेच ध्यानात येतात. एक प्रकार असा की, नायकाला शेवटी मरावेच लागते. गच्ची, रेल्वेचे रूळ किंवा झोपेच्या गोळ्या यांच्याकडे कथेची वाट पहिल्या मिनिटापासून वळलेली दिसते. अशा मृत्यूंनी आमच्यातील कितीतरी जण खरोखरच गेले, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो मृत्यू दिग्दर्शकाच्या सोयीसाठी वापरलेला पाहवत नाही. दुसरा प्रकार भाषणाचा: आई, वडील किंवा शिक्षक यांच्या तोंडी हक्कांची कैफियत घालून चित्रपट संपविणे. तिसरा प्रकार मला अधिक खटकतो. त्यात दोन देखणे, गोरे, इंग्रजी बोलणारे तरुण समुद्राकडे तोंड असलेल्या घरात राहतात, त्यांचे कपडे सुरेख असतात, आणि जात नावाची गोष्ट त्या घराच्या उंबऱ्यापर्यंतही पोहोचलेली नसते. समलिंगी माणूस जातीबाहेर जन्मत नाही. नीरज घेवान यांची 'गीली पुच्ची' २०२१ मध्ये आली तेव्हा हा खोटेपणा एकदम उघडा पडला. कारखान्यात यंत्रावर काम करणारी दलित भारती आणि कार्यालयात बसणारी ब्राह्मण प्रिया यांच्यातील ओढ कोंकणा सेनशर्मा आणि अदिती राव हैदरी यांनी जिवंत केली आहे. आणि त्या ओढीच्या मध्ये पुरुष येत नाहीत इतकी जात येते. वेगळ्या भांड्यात दिलेला चहा भारती ज्या नजरेने पाहते, ती नजर पाहिल्यानंतर समुद्राकाठच्या त्या सुरेख घरांत माझे मन रमत नाही.

याच कारणाने रोहन कानवडे यांच्या 'उ उषाचा'चे मोल मला फार वाटते. उषा ही शेतमजुरी करणारी, निरक्षर, मुलांना एकटीने वाढविणारी स्त्री. गावच्या प्राथमिक शाळेतील शिक्षिकेकडे तिचे मन ओढले जाते, आणि त्या ओढीतून तिला अक्षरे शिकण्याची इच्छा होते. महाराष्ट्रात सावित्रीबाईंच्या काळापासून स्त्रीच्या अक्षरओळखीच्या पुष्कळ कथा लिहिल्या गेल्या. त्यांत कर्तव्य असते, उद्धार असतो, संघर्ष असतो. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीवरील प्रेमामुळे पाटी हाती धरावी, ही कथा मात्र मी प्रथमच पाहिली, आणि पाहिल्यावर ती इतकी साहजिक वाटली की, ती आजवर कोणी सांगितली नाही याचे नवल वाटले. या गोष्टी शहरी, इंग्रजी, परदेशातून आलेल्या आहेत, असे म्हणणाऱ्यांना मी युक्तिवाद ऐकविण्याऐवजी हा लघुपट दाखवीन. अभिषेक वर्मा यांचा 'माछेर झोल' हा हाताने रेखाटलेला चित्रपटही याच जातीचा, अस्सल घरगुती. ललित नावाचा तरुण वडिलांना आपले सत्य सांगावयाचे ठरवितो आणि त्याआधी त्यांच्या आवडीचे माशाचे कालवण रांधतो. आपल्याकडे बाप-लेक समोरासमोर बसून मनातले बोलत नाहीत; ते जेवतात. जे शब्दांनी सांगता येत नाही त्याच्यासाठी ललितने आधी पान मांडले, हे ज्याला उमगले तो आपल्या घरांना ओळखतो.

सभागृहाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण हेच लघुपट मी नंतर घरी, लहान पडद्यावर, एकट्याने पाहिले आहेत आणि तो अनुभव निराळा होता. लिबर्टीच्या अंधारात प्रेक्षक अशा ठिकाणी हसतात जेथे इतर प्रेक्षक हसले नसते. पडद्यावर एखादी मावशी 'एकदा लग्न झालं की सगळं सुरळीत होईल' असे म्हणते, आणि हजार खुर्च्यांच्या त्या सभागृहात एकदम हास्य उसळते. त्यात कुचेष्टा नसते. ते वाक्य आपल्यालाही ऐकविले गेले होते, आपल्या शेजारच्यालाही, आणि पुढच्या रांगेतील त्या अनोळखी मुलीलाही, याचा तो एकत्रित साक्षात्कार असतो. जे दुःख प्रत्येकाने आपापल्या घरी, आपापल्या खोलीत, आपल्या एकट्याचे म्हणून भोगले, ते सार्वजनिक असल्याचे कळणे ही फार मोठी सुटका आहे. मोठ्या चित्रपटात प्रेक्षक एका नायकाबरोबर तीन तास राहतो. लघुपटांच्या संचात तो दर पंधरा मिनिटांनी नव्या माणसाच्या आयुष्यात शिरतो, आणि दोन लघुपटांच्या मधल्या क्षणभराच्या काळोखात आजूबाजूला डोळे पुसण्याचे, नाक ओढण्याचे, कोणीतरी कोणाचा तरी हात धरल्याचे आवाज येतात. दिवे लागल्यावर दिग्दर्शक मंचावर येतात, बहुतेक जण विशी-तिशीतले, आणि प्रश्न विचारणाऱ्यांत हल्ली आयाही असतात. मुलाबरोबर आलेली, काठापदराची साडी नेसलेली एक बाई उभी राहून, 'आम्हाला हे आधी कोणी का दाखवलं नाही?' एवढेच विचारून खाली बसली होती. मंचावरून तिला उत्तर मिळाले की नाही हे आता आठवत नाही. तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला आहे.

आता वर मांडलेल्या विचाराला एक आक्षेप येतो, आणि तो मीच घेतो. पाव तास हीच आमच्या प्रेमाची स्वाभाविक लांबी, असे म्हणताना मी नाइलाजाला सौंदर्य तर म्हणत नाही ना? ज्यांना घर मिळाले नाही त्यांच्या वाटेवरच्या विसाव्यांचे गोडवे गाऊन, घराचा प्रश्न बाजूस तर सारीत नाही ना? हा आक्षेप बिनतोड आहे. २०१८ मध्ये शिक्षेचे भय गेले. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले आणि तो विषय विधिमंडळांकडे सोपविला. म्हणजे आज कायद्याने या प्रेमाला मुभा आहे, पण दाखला नाही. रुग्णालयातील संमतिपत्रावर सही, भाड्याच्या करारावर दोन नावे, वारसाहक्क, विम्याच्या कागदावर जोडीदार म्हणून उल्लेख, हे सर्व अद्याप दुसऱ्यांच्या मर्जीवर आहे. कांबळेने दर रविवारी जानच्या खुर्चीत बसावे हे सुंदर आहे, परंतु कांबळेला सोमवारही मिळाला पाहिजे.

तो मिळू लागल्याची चिन्हे चित्रपटांतच दिसत आहेत, ही मला समाधानाची गोष्ट वाटते. ब्राझीलच्या दानिएल रिबेरो यांनी २०१० मध्ये एका अंध शाळकरी मुलाच्या पहिल्या प्रेमाचा लघुपट केला आणि चार वर्षांनी त्याच मुलाला पूर्ण लांबीच्या चित्रपटात वाढविले. आपल्याकडे 'उ उषाचा' करणाऱ्या कानवडे यांनी 'सबर बोंडं' केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो आणि तेथे बालपणीच्या सोबत्याला, बाळ्याला, पुन्हा भेटतो. दहा दिवस घराबाहेर फार पडावयाचे नाही, काय खावे, कोठे निजावे याचे नियम पाळावयाचे, आणि आल्या-गेल्या प्रत्येक नातेवाइकाच्या 'लग्नाचं काय?' या प्रश्नाला तोंड द्यावयाचे. ज्या रूढींनी आम्हाला नेहमी मुदत घालून दिली, त्याच रूढीने येथे दोन पुरुषांना पाव तासाऐवजी दहा दिवस दिले. चित्रपटाचा वेगही त्या दहा दिवसांसारखा आहे. कॅमेरा घाईने हलत नाही, माणसे झाडाखाली बसून राहतात. आनंदच्या आईला सर्व ठाऊक आहे, आणि तिचे हे ठाऊक असणे चित्रपटाने कोठेही गाजवून सांगितलेले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तो आपल्या चित्रगृहांत सर्वांसाठी लागला. नोंदणी नाही, बिल्ला नाही, तिकीट काढले की आत. ज्याने लघुपटांच्या शाळेत पाव तासाचे मोल शिकून घेतले, त्यालाच दोन तास असे संयमाने वापरता आले, असे माझे अनुमान आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती आपल्या चित्रपट मंडळांना आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळापासून जिल्ह्याजिल्ह्यांतील लहानमोठ्या फिल्म सोसायट्यांपर्यंत या चळवळीने महाराष्ट्राला राय, घटक, बर्गमन, कुरोसावा दाखविले. माझ्यासारख्यांचे शिक्षणच तेथे झाले. त्या मंडळांनी वर्षातून एक संध्याकाळ या लघुपटांना द्यावी. सांगलीला, जळगावला, नांदेडला, रत्नागिरीला द्यावी. मुंबई-पुण्याला ते कसेही पाहावयास मिळतात. दीड तासात सहा-सात लघुपट होतात, दिग्दर्शक बहुतेक तरुण आहेत आणि बोलावले तर आनंदाने येतात. आणि वाचकहो, तुमच्या गावी असा खेळ लागला तर जरूर जा, आणि जाताना घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणाला तरी बरोबर घेऊन जा. तरुणांना हे लघुपट कोठेतरी सापडतातच, वडीलधाऱ्यांना ते कोणीतरी दाखवावे लागतात.